दारूगोळ्याविना लढणारे अण्णा

दुपारी पावणेतीनच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी तंत्रनिकेतनात, संगणकाच्या प्रयोगशाळेत होते. फोन सासूबाईंचा होता. त्या दुपारच्या कधी फोन करत नाहीत. "वैशाली, तू घरी ये. अण्णा उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं. आज दूधवाला आला नाही, हे सांगावं तसा सपाट आवाज... मी रिक्षा करून घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. माझे सासरे मारुतराव, म्हणजे आमचे अण्णा, जेवण करून कुशीवर आडवे झाले ते झोपेतच गेले होते. वय बहात्तर. चेहरा असा, की आत्ता उठतील आणि विचारतील, "आज लवकर कशी गं आलीस?" याला आता सहा आठवडे होतील.

तेराव्याला घरात माणसं जमली होती. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी उभं राहून अण्णांविषयी चार शब्द सांगितले. मारुतरावांनी वैरागसारख्या गावातून येऊन वीज खात्यात इमाने-इतबारे नोकरी केली, मुलाला शिकवलं, आणि निवृत्तीनंतर स्वतःला देवाधर्मात गुंतवून घेतलं, असं ते म्हणाले. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने पदर तोंडाशी धरला. शेजारच्या बायकांना वाटलं, त्यांना उमाळा आला. एकीने पाठीवरून हातही फिरवला. पण त्यांचे खांदे कशाने हलत होते ते मला ठाऊक होतं. निवृत्तीनंतरची शेवटची नऊ वर्षं अण्णा कुठे गुंतले होते, हे आम्हा दोघींइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते आमच्या मागच्या खोलीत, टेबलावर अंथरलेल्या रणांगणावर, साठ-साठ टनांची लोखंडी महायंत्रं लढवत होते.

ते कसं सुरू झालं ते सांगायला हवं. माझं माहेर माळशिरसचं. इंजिनिअरिंगला मी पुण्यात वसतिगृहात राहिले, आणि तिथे एका मैत्रिणीमुळे मला या खेळाचं वेड लागलं. खोक्यात एक मोठा पट असतो, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, टेकड्या, झाडी, तळी. प्रत्येक खेळाडूचं एक राक्षसी यंत्र. दोन पायांवर चालणारं, दोन मजली घराएवढं, आत एक माणूस बसून चालवतो अशी कल्पना. गंमत अशी, की हे यंत्र खेळाडूनेच कागदावर रचायचं असतं. वजन ठरलेलं. त्यातलं किती इंजिनाला द्यायचं, किती चिलखताला, किती शस्त्रांना, हे आपलं आपण ठरवायचं, आणि मग फासे टाकत लढायचं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा तो खोका मी बॅगेच्या तळाशी, शालूच्या खाली घालून आणला होता. बाहेर काढायची लाज वाटायची. माझे यजमान सागर औषध कंपनीच्या कामाने आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. मला नोकरी मिळालेली नव्हती. माळशिरसला मी कामाची मुलगी होते, पुण्यात हुशार मुलगी होते, आणि इथे मी नुसती नवी सून होते. दुपार सरता सरायची नाही.

अशाच एका दुपारी मी मागच्या खोलीत दार लोटून पट मांडला आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायला बसले. दाराला कडी घातली नव्हती. मान वर केली तर दारात अण्णा उभे.

"हे काय हाय?"

"खेळ आहे, अण्णा. पोरांचा," असं म्हणत मी कागद गोळा करायला लागले.

"पोरांचा हाय तर मग तू का खेळतीस?"

 अण्णा आत आले, स्टूल ओढून बसले आणि एक यंत्र उचलून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. खाली ठेवताना म्हणाले, "मांड परत. आन् मला एक सांग, ह्यो लोखंडी गडी पळतो कशावर? डिझेल का करंट?"

अण्णांचा तो प्रश्न त्यांच्या जन्मभराच्या कामातूनच आला होता. होटगीच्या बाजूला असलेल्या एका वीज उपकेंद्रात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. तिथल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान दर तासाला बघून वहीत लिहायचं, ताप वाढायला लागला की पंखे चालू करायचे, तरी उतरला नाही तर भार कमी करायचा, हे त्यांचं काम. सोलापूरचा मे महिना, भर दुपार, निम्मं शहर कूलर लावून बसलेलं, आणि हे त्या काट्याकडे बघत बसलेले. घरातही त्यांना कशाला हात लावून "तापलंय" म्हणायची सवय होती. मिक्सर, टीव्ही, एकदा तर माझं कपाळसुद्धा.

त्यांनी महिनाभर नियमांचं पुस्तक वाचलं. शाळेपुरतं इंग्रजी, हाताशी शब्दकोश, आणि पेन्सिलीने खुणा. मग त्यांनी पहिलं यंत्र रचलं. नव्या खेळाडूचा जीव जातो तिथेच त्यांचाही गेला. यादीतली सगळ्यांत मोठी तोफ त्यांनी निवडली. तोफ म्हणजे गोळे आले, गोळे ठेवायला पोटात कोठार आलं. मी क्षेपणास्त्रं डागली, त्यांतलं एक चिलखत फोडून नेमकं त्या कोठाराला लागलं, आणि नियमाप्रमाणे उरलेला सगळा दारूगोळा यंत्राच्या पोटातच उडाला. मी टेबलाखाली पडलेला फासा उचलून वर येईपर्यंत अण्णांचं यंत्र खलास झालं होतं. त्या संध्याकाळी ते जेवताना काही बोलले नाहीत. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात विचारलं, "काय झालं गं? भांडला का?" मी म्हटलं, "नाही आई, स्फोट झाला." 

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला अण्णा नवा कागद घेऊन आले. तोफ गायब. कोठार गायब. त्या जागी सात किरणशस्त्रं. "आपलाच गोळा आपल्याच पोटात फुटायचा असंल तर तो जवळ बाळगायचाच कशाला?" ते म्हणाले. "ह्यो किरण बघ. वजनाला हलका. गोळा न्हाय, कोठार न्हाय. इंजिन चालू हाय तवर संपायचा न्हाय. आन् वाचलेल्या वजनाचं मी चिलखत घातलंय." मला आतून हसू येत होतं, कारण ते काय विसरलेत ते मला दिसत होतं. या खेळात किरण संपत नाहीत हे खरं, पण ते यंत्राला तापवतात. दर पाळीला ताप मोजायचा, यंत्रात बसवलेल्या थंड करणाऱ्या पेट्या त्यातला ठरावीक ताप उतरवणार, आणि उरलेला साठत जाणार. साठला की आधी यंत्र मंदावतं, मग त्याचा नेम चुकायला लागतो, आणि हद्द ओलांडली की ते सरळ बंद पडतं. रणांगणाच्या मध्यभागी खांबासारखं उभं. अण्णांनी पहिल्याच पाळीला सातही किरण एकदम सोडले. चार लागले, माझ्या यंत्राचा हात तुटला, आणि त्यांचं यंत्र बंद पडलं. मी शांतपणे त्याच्या मागे गेले आणि पाठीत दहा क्षेपणास्त्रं घातली.

अण्णांनी ते आडवं पडलेलं यंत्र उचलून सरळ उभं केलं. मग पोट धरून हसायला लागले. "बत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळला मी," ते म्हणाले, "आन् हितं सुनंपुढं भट्टी पेटवून बसलो की."

तिथून पुढे त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. नियमांत ताप होता, म्हणजे खेळ त्यांच्या खात्यात आला होता. त्यांनी जुन्या वहीत रकाने आखले. पाळी, किरण, चाल, चढलेला ताप, उतरलेला ताप, शिल्लक. थंड करणाऱ्या पेट्यांना त्यांनी "गारपेट्या" नाव दिलं, आणि सात किरणांवरून सहावर येऊन एका शस्त्राचं वजन गारपेट्यांना दिलं. मग त्यांना खरी युक्ती सापडली. सहा किरण एकदम वापरायचेच नाहीत. दोन मोठे, लांब पल्ल्याचे. चार छोटे, जवळचे. शत्रू लांब असेल तेव्हा फक्त मोठे, जवळ आला की फक्त छोटे. गारपेट्या अशा मोजून, की दोन्हींपैकी एकच गट चालवला तर ताप जेवढा चढेल तेवढाच उतरेल. "सगळी शस्त्रं एकदम वापराय न्हाईत," ते मला समजावत, "वेळेला योग्य ते हाताशी असावं, म्हणून." पुढची सुधारणा म्हणजे पाणी. तळ्यात उभ्या यंत्राच्या पायांतल्या गारपेट्या जास्त ताप उतरवतात असा नियम आहे. अण्णांनी पायांत सहा पेट्या घातल्या, आणि त्यांचं यंत्र डाव सुरू झाला की म्हशीसारखं तळं गाठायचं. शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून आणलेल्या सुताच्या रिकाम्या बॉबिनचं धड करून त्यांनी स्वतःच ते बनवलं होतं. जाडजूड, बुटकं. त्याचं नाव रांजण.

मी काही मुकाट बसले नाही. क्षेपणास्त्रांची एक सोय असते, ती टेकडीआडून डागता येतात. किरण सरळ जातो, त्याला शत्रू समोर दिसावा लागतो. मी टेकडीमागे बसून रांजणाला तळ्यात भाजून काढलं, लागोपाठ पाच दिवस. सहाव्या दिवशी रांजण तळ्यात गेलाच नाही. मार खात खात सरळ टेकडी ओलांडून माझ्या अंगाला येऊन भिडला. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं इतक्या जवळच्याला नीट लागत नाहीत, हे अण्णांनी पुस्तकाच्या कुठल्या तरी तळटीपेत वाचून ठेवलं होतं. चार छोटे किरण, थंड डोक्याने, पाळीमागून पाळी. मी हरले. अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी सागर पास झाला तेव्हाच्या त्यांच्या जुन्या फोटोत पाहिलं आहे.

त्याच दिवसांत तंत्रनिकेतनात शिकवण्याच्या जागेची जाहिरात आली होती. मी ती कापून ठेवली होती, अर्ज केला नव्हता. घरात कसं विचारावं, नाही म्हणाले तर काय, असं मनात चाललेलं. अण्णांना ते कात्रण खोक्यातल्या कागदांत सापडलं. फासे हातात खुळखुळवत ते म्हणाले, "हे काय टेकडीआड बसून?" मी कात्रण परत घ्यायला हात पुढे केला. "माज्याशी भांडतीस तशी तितं जाऊन भांड की. मला नियम शिकवलास, पोरांना शिकवाय काय जड हाय?" सासूबाईंना त्यांनीच सांगितलं. मी नोकरीला लागले, आणि आमच्या खेळाची वेळ चारवरून साडेपाचवर गेली. बाकी काही बदललं नाही.

मग चार वर्षांपूर्वी अण्णांना हृदयाचा झटका आला. सौम्य होता, पण दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. घरी आणल्यावर सासूबाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे खोका उचलून माळ्यावर टाकला. मला म्हणाल्या, "तुझ्या त्या खेळापायी झालं हे. म्हाताऱ्या माणसानं एवढं ईर्ष्येनं काय खेळायचं?" मला फार लागलं ते. कारण मलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. पंधरा दिवस मी त्या खोलीकडे फिरकले नाही. अण्णा अंथरुणावर पडून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला यंत्रं काढायचे. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. एके संध्याकाळी मी घरी आले तर सासूबाई स्वतः शिडीवर चढलेल्या. खोका खाली काढून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "एक तास. त्याच्या वर न्हाय. आन् मी हितंच बसणार."

आणि त्या बसल्या. तेव्हापासून चार वर्षं, रोज. मेथी निवडत, शेंगा सोलत, कधी नुसत्याच. दर थोड्या वेळाने अण्णांचं मनगट धरून बघायच्या. खेळाबद्दल चकार शब्द नाही. अण्णा एखादा किरण नेमका लावून त्यांच्याकडे पाहायचे, तर त्या म्हणायच्या, "गोळी घेतली का?" आम्हाला वाटायचं, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही.

पुढच्या वर्षी पुण्यात या खेळाची स्पर्धा आहे असं मला समजलं. अण्णांना सांगावं की नाही, या विचारात मी चार दिवस घालवले. सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डॉक्टरला विचार." डॉक्टर हसले आणि बसून खेळायचं असेल तर खुशाल जा म्हणाले. सासूबाई सोबत आल्या. सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. अण्णांच्या मांडीवर चपलांच्या खोक्यात कापसात गुंडाळलेला रांजण, सासूबाईंच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि औषधांचा डबा.

एका हॉलमध्ये वीसेक टेबलं मांडलेली. सगळे तिशीच्या आसपासचे, कंपन्यांत काम करणारे, हातात रंगवलेली देखणी यंत्रं. त्यांत धोतर-टोपीतले अण्णा आणि त्यांचं बॉबिनचं यंत्र. कुणी तरी विचारलं, "काका, कुणाला सोडायला आलात?" अण्णा म्हणाले, "व्हय, ह्याला," आणि त्यांनी रांजण बाहेर काढला. पहिले दोन डाव ते जिंकले. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी दारूगोळा संपेपर्यंत मारा केला, आणि अण्णा पाण्यात उभे राहून वाट बघत राहिले. तिसरा डाव केतन नावाच्या मुंबईच्या एका इंजिनिअरशी होता. शांत, तयारीचा खेळाडू. त्याच्याकडे दुहेरी क्षेपणास्त्र-संच. डावाला दीड तासाची मर्यादा होती. वेळ संपली की ज्याने जास्त नुकसान केलं तो विजयी.

डाव सुरू होताच अण्णांनी काडेपेटीतल्या बारा काड्या टेबलावर मांडल्या. केतनने एक मारा केला की एक काडी बाजूला. केतनने विचारलं, "हे काय, काका?" अण्णा म्हणाले, "तुमचं कोठार. बारा येळंचं हाय ना? कागदावरनं मोजलं मी." केतन पहिल्यांदा थोडा अस्वस्थ दिसला. पण तो चुका करणारा नव्हता. रांजणाचा डावा हात गेला, छातीचं चिलखत उडालं. काड्या संपत आल्या तसे अण्णा तळ्यातून बाहेर आले आणि एकेक घर पुढे सरकायला लागले. बारावी काडी बाजूला झाली तेव्हा रांजण केतनच्या यंत्रासमोर उभा होता. मोठ्यांतला एक किरण हाताबरोबर गेला होता, बाकी पाचही शाबूत. आणि तेवढ्यात पंचांनी सांगितलं, ही शेवटची पाळी.

मी हिशेब केला. अण्णा थोडे मागे होते. फक्त छोटे चार किरण लागले तरी फरक भरून निघणार नव्हता. पाचही सोडले तर जिंकण्याची चांगली शक्यता होती. ताप हद्दीबाहेर जाऊन यंत्र बंद पडलं असतं, पण त्यानंतर पाळीच नव्हती. बंद पडलं काय आणि चालू राहिलं काय. मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "अण्णा, सगळी लावा. शेवटची पाळी आहे."

"शेवटची हाय हे आपल्याला म्हाईत," अण्णा हळूच म्हणाले. "यंत्राला कुटं म्हाईत हाय?"

त्यांनी चार छोटेच सोडले. तीन लागले. अण्णा हरले, अगदी थोडक्यात.

मी रागावले होते. खरं सांगायचं तर रडकुंडीला आले होते. पण केतन पट गुंडाळेना. तो रांजणाकडे, मग स्वतःच्या रिकाम्या कोठाराकडे बघत होता. "काका," तो म्हणाला, "निकाल लागलाय. पण मला बघायचंय, पुढे काय झालं असतं. खेळायचं का?" अण्णांनी भाकरी आणि चटणी काढली, केतनने बाहेरून चहा आणला, आणि त्या दोघांनी तो डाव पुढे चालू केला. भोवती दहा-बारा जण गोळा झाले. केतनकडे आता एक किरकोळ शस्त्र उरलं होतं. रांजण थंड होता. पाच पाळ्यांत केतनचं यंत्र कोसळलं. त्याने उठून अण्णांच्या पायाला हात लावला आणि यंत्राच्या कागदाचा फोटो मागितला. अण्णा म्हणाले, "फोटू कशाला, कागदच घे. माज्या डोक्यात हाय." परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून सबंध रस्ता हसत होते. सासूबाई एकदाच बोलल्या. "तेवढी एक येळ लावायची होती सगळी," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "काय झालं असतं?" मला वाटलं, मघाशी मी अण्णांच्या कानात म्हटलं तेच त्या बोलून दाखवताहेत. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं अण्णा घरीच खेळले. केतन फोनवरून त्यांचा सल्ला घ्यायचा. गारपेट्या हा शब्द आता पुण्या-मुंबईच्या काही खेळाडूंत चालतो असं त्याने मला परवा भेटायला आल्यावर सांगितलं. अण्णांना ते ऐकून काय वाटलं असतं याची कल्पना मी करू शकते. त्यांनी आधी विचारलं असतं, "शुद्धलेखन बरोबर करत्यात का?"

ते गेल्यावर तीन आठवडे मी मागच्या खोलीत गेले नाही. सागर जाऊन केर काढून यायचा. मग एका रविवारी साडेपाचला सासूबाईंनी हाक मारली. जाऊन बघते तर त्या अण्णांच्या स्टुलावर बसल्या होत्या. पट अंथरलेला, टेकड्या जागच्या जागी, तळंही बरोबर.

"ह्यांचं कुठलं ते ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तुझं काढ."

"आई, तुम्हाला येतं?"

"चार वर्षं काय शेंगाच सोलत होते का मी?"

आम्ही खेळायला लागलो. सासूबाईंची चाल अण्णांची नव्हती. त्या तळ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. माझ्या क्षेपणास्त्रांच्या माऱ्यातून त्या सरळ आल्या, माझ्यासमोर उभ्या ठाकल्या आणि म्हणाल्या, "सगळी."

"आई, बंद पडेल ते."

"पडू दे."

त्यांनी सहा वेळा फासे टाकले. दोन्ही हातांच्या ओंजळीत खुळखुळवून, डोळे मिटून. पाच किरण लागले. माझं यंत्र कोसळलं, आणि त्यांचं जागच्या जागी बंद पडलं. नऊ वर्षांत इतक्या लवकर मी कधी हरले नव्हते. सासूबाईंनी बंद पडलेल्या रांजणाला हात लावून पाहिला. त्यांचे डोळे भरले होते, आणि तोंडभर हसू होतं.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. ते मला नव्हतं.

तेव्हापासून आम्ही रोज बसतो. त्या दर वेळी सगळी शस्त्रं एकदम लावतात, आणि बहुतेक वेळा हरतात. ताप मोजणं त्यांना मान्य नाही, त्यामुळे अण्णांच्या वहीतले रकाने मीच भरते. "अण्णा बघतील तर रागावतील," असं मी काल म्हटलं. त्यांनी फासे माझ्यासमोर सरकवले. "रागावू देत की," त्या म्हणाल्या. "तू टाक."